१९६४ची मुलं निवृत्त होतात तेव्हा

प्रश्न : मी एस.टी.तून निवृत्त झालेला कंडक्टर. माझी भाची जी.एन.एम. नर्सिंग झाली असून सध्या जर्मन भाषेच्या क्लासला जाते. तिला तिकडच्या हॉस्पिटलात नोकरी करायची आहे. मला एक कोडं सुटत नाही. एवढा श्रीमंत देश, जगाला यंत्रं विकणारा, त्याला माणसं कशी पुरत नाहीत? तिथेही बेकार लोक आहेतच, असं वाचतो. मग आमच्या पोरी कशाला हव्यात? आणि गरज सरली की परत पाठवणार नाहीत ना?
– एक वाचक, मिरज

उत्तर : मामा म्हणून तुम्ही नेमकं तेच विचारलंत जे विचारायला हवं. सुरुवात १९६४ पासून करू. त्या वर्षी पूर्व आणि पश्चिम जर्मनीत मिळून १३ लाख ५७ हजार बाळं जन्माला आली. पुढे कुठल्याच वर्षी एवढे पाळणे हलले नाहीत. २०२४ साली संपूर्ण जर्मनीत ६ लाख ७७ हजार मुलं जन्मली, म्हणजे बरोबर निम्मी. ही १९६४ची मुलं २०३१ मध्ये ६७ वर्षांची होतील आणि पूर्ण पेन्शनला पात्र ठरतील. त्यांच्या पुढेमागे जन्मलेल्यांचीही अशीच रांग आहे. दोन खुर्च्यांवरून दोघं उठणार आणि बसायला एकच येणार, असा हा हिशेब.

हिशेब बिघडतो कारण तिथली पेन्शन तुमच्या पी.एफ.सारखी नाही. पी.एफ.मध्ये तुमच्या नावाचं खातं असतं, त्यात व्याज साठतं. जर्मन पेन्शन चालते भिशीसारखी. या महिन्यात कमावत्यांकडून जमलेले पैसे याच महिन्यात म्हाताऱ्यांच्या हाती पडतात, पेटीत फारसं काही उरत नाही. फरक एवढाच, की या भिशीत अजून जन्माला न आलेले सभासदही धरलेले असतात. चॅन्सेलर बिस्मार्कने १८८९ मध्ये वृद्धांसाठी विम्याचा कायदा केला तेव्हा पेन्शनचं वय ७० होतं आणि तिथवर पोचणारे थोडे होते. १९१६ मध्ये ते ६५वर आलं. भिशीची पद्धत पक्की झाली १९५७ मध्ये, चॅन्सेलर आडेनावर यांच्या काळात. माणसांना मुलं होतच राहणार, हे तेव्हा सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला एका पेन्शनरामागे सुमारे सहा जण वर्गणी भरत होते. आज जेमतेम दोन आहेत. पगाराच्या दर १०० युरोंमागे १८.६० युरो या वर्गणीत जातात. निम्मे कामगाराचे, निम्मे मालकाचे. तरीही पुरत नाहीत, म्हणून सरकारी तिजोरीतून दरवर्षी १०० अब्ज युरोंहून जास्त रक्कम ओतावी लागते.

पैशाचा खड्डा कर्ज काढून, कर वाढवून बुजवता येतो. हातांचा बुजत नाही. पंगतीला कितीही पक्वान्नं असोत, वाढपी नसले तर पानं रिकामीच राहतात. मोटारी यंत्रमानव जोडतात, पण ८५ वर्षांच्या आजीला कुशीवर वळवायला, न्हाऊ घालायला माणूसच लागतो. जर्मनीने १९९५ मध्ये शुश्रूषेचा वेगळा सक्तीचा विमा सुरू केला. त्यातून सेवेचे पैसे मिळण्याची सोय झाली, सेवा करणाऱ्यांची नाही.

आता बेकारांचं. तुम्ही वाचलंत ते खरं आहे. २०२५च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या बेरोजगारांचा आकडा दहा वर्षांत पहिल्यांदाच ३० लाखांवर गेला. पण मोटारीच्या सुट्या भागांच्या कारखान्यातून बाहेर पडलेला पन्नाशीचा माणूस उद्या सकाळी वॉर्डात इंजेक्शन देऊ शकत नाही. जिथे काम आहे तिथे तो राहत नाही आणि जे काम आहे ते त्याला येत नाही. बेकारी आणि टंचाई एकाच घरात अशी सुखाने नांदू शकतात.

मग सरकारं काय करतात? पहिला उपाय, निवृत्ती लांबवायची. जर्मनीने २००७ मध्ये कायदा करून वय हळूहळू ६७वर न्यायचं ठरवलं. डेन्मार्कच्या संसदेने २०२५ मध्ये २०४० पर्यंत ७० वर्षं ठरवली. फ्रान्समध्ये २०२३ साली ६२चं ६४ करताना लाखो लोक रस्त्यावर उतरले. पोलंडने २०१२ मध्ये वाढवलेलं वय २०१७ मध्ये पुन्हा खाली आणलं. राजकारण्यांचे हात का थरथरतात, तेही उघड आहे. जर्मनीत आज दर पाच मतदारांपैकी दोन साठीच्या पुढचे आहेत.

दुसरा उपाय घरातल्या घरात आहे. तिथल्या नोकरदार स्त्रियांपैकी जवळपास निम्म्या अर्धवेळ काम करतात. त्यांना पूर्णवेळ येता यावं म्हणून २०१३ पासून एक वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला पाळणाघरात जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे. पण पाळणाघरं चालवायलाही माणसं लागतात, आणि तीही कमीच आहेत.

तिसरा उपाय म्हणजे तुमची भाची. शेजारच्या देशांतून माणसं आणणं सोपं होतं, पण ती विहीरही आटत चालली आहे. १९८०च्या दशकात ९० लाखांच्या आसपास असलेला बल्गेरिया २०२१च्या जनगणनेत ६५ लाखांवर आला. जन्म घटले आणि तरुण पश्चिमेला गेले. म्हणून आता नजर आपल्याकडे वळली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. त्याची राजधानी श्टुटगार्ट १९६८ पासून मुंबईची भगिनी नगरी आहे. २०२४च्याच ऑक्टोबरमध्ये जर्मन सरकारने कुशल भारतीयांचे व्हिसे वर्षाला २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचं जाहीर केलं.

‘परत पाठवतील का’ या प्रश्नासाठी पुन्हा १९६४ मध्ये जावं लागेल. १० सप्टेंबर १९६४. कलोनच्या डॉइट्झ स्टेशनवर पोर्तुगालहून गाडी आली. ध्वनिक्षेपकावरून एका सुताराचं नाव पुकारलं गेलं, आर्मांदो रोद्रिगेश द सा. आपल्याला माघारी धाडणार, अशा भीतीने तो आधी पुढे येईना, असं सांगतात. प्रत्यक्षात तो ठरला होता दहा लाखावा पाहुणा कामगार. त्याला फुलं आणि नवीकोरी मोपेड देण्यात आली. ती आज बॉनच्या इतिहास संग्रहालयात आहे.

पाहुणा या शब्दातच मेख होती. पाहुण्याने चार दिवस राहून निघायचं असतं. १९५५ मध्ये इटलीशी झालेल्या करारापासून १९७३ मध्ये भरती थांबेपर्यंत सुमारे १ कोटी ४० लाख लोक आले आणि त्यातले १ कोटी १० लाख परतले. जे राहिले त्यांना नीट भाषा शिकवण्याचे देशव्यापी सरकारी वर्ग सुरू व्हायला २००५ उजाडलं. केरळच्या मुली तर साठच्या दशकापासून तिथल्या रुग्णालयांत राबत होत्या. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात काही राज्यांनी त्यांच्यापैकी अनेकींचे परवाने वाढवायला नकार दिला. म्हणजे तुमची शंका पोकळ नाही. असं पूर्वी घडलं आहे.

आज कायदा वेगळा आहे. मान्यताप्राप्त पात्रतेवर काम करणाऱ्याला साधारण तीन वर्षांनी कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो, पाच वर्षांनी नागरिकत्व. (ते घेतल्यास भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो, कारण आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही.) शिवाय हिशेबच असा आहे, की ही गरज मंदीबरोबर येणारी-जाणारी नाही. १९६४ची मुलं पुन्हा तरुण होणार नाहीत.

पण कायदा कागदावर असतो आणि कागद वाचावा लागतो. भाचीला तीन गोष्टी सांगा. जर्मन बी-२ पातळीपर्यंत पक्की करायची, कारण पदविकेला तिथल्या राज्याची मान्यता मिळेपर्यंत ती मदतनीस म्हणूनच राबेल आणि पगारही तसाच मिळेल. नोकरी लावतो म्हणून लाखो रुपये मागणाऱ्या एजंटाच्या दारात जायचं नाही. केरळ सरकार २०२१ पासून जर्मन संस्थांबरोबर ज्या योजनेतून नर्सेस पाठवतं, तिथे भरतीचा खर्च उमेदवारावर पडत नाही. आणि करारात ‘मध्येच सोडल्यास एवढी रक्कम परत’ असं कलम असेल, तर सही करण्याआधी ते जाणकाराला दाखवायचं.

चौथी गोष्ट तुमच्या जिव्हाळ्याची, पेन्शनची. पाच वर्षं वर्गणी भरली की तिथली पेन्शन लागू होते. मे २०१७ पासून अमलात असलेल्या भारत-जर्मनी करारामुळे पात्रता मोजताना दोन्ही देशांतली वर्षं एकत्र धरता येतात, आणि पेन्शन मिरजेत बसूनही घेता येते. तेव्हा पेन्शन विम्याकडून येणारं प्रत्येक पत्र जपून ठेवायचं. आर्मांदो कॅन्सरने आजारी पडला तेव्हा पोर्तुगालला परतला होता. जर्मनीत भरलेली पेन्शनची वर्गणी त्याने काढून घेतली आणि उपचारांवर घालवली. जर्मन आजारविम्यातून त्याला मदत मिळू शकली असती, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. १९७९ मध्ये तो गेला. त्याच्या स्वागताला फोटोग्राफर होते, बँड होता. त्याचे हक्क त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगणारं मात्र त्या फलाटावर कुणी नव्हतं. तुमच्या भाचीला निदान मामा आहे.