गिनीपिगची निगा

गिनीपिग हे नाव ऐकले, की गिनी देशातून आलेले हे एखादे डुक्कर असावे, असा समज होतो. वस्तुतः यांतील एकही गोष्ट खरी नाही. उंदीर व खार यांच्याप्रमाणे हा कुरतडणारा प्राणी असून त्याचे मूळ स्थान दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताचा प्रदेश होय. तेथील लोक मांसासाठी तो हजारो वर्षांपासून घरोघर पाळीत आले आहेत. सोळाव्या शतकात तो युरोपात गेला आणि तेथे मुलांचा आवडता सोबती होऊन बसला.

मुलांनो, हा प्राणी पाळणाऱ्याने एक गोष्ट सर्वांआधी ध्यानात धरावी. कुत्रा, मांजर, उंदीर यांच्या शरीरात 'क' जीवनसत्त्व आपोआप तयार होते. माणसाच्या शरीरात ते होत नाही, आणि गिनीपिगच्याही होत नाही. १९०७ साली नॉर्वे देशातील होल्स्ट व फ्रोलिश या शास्त्रज्ञांनी काही गिनीपिगना केवळ धान्यावर ठेवले. तेव्हा खलाशांचा जुना वैरी जो स्कर्व्ही रोग, तोच त्या प्राण्यांना जडला. आहारात ताजी कोबी किंवा लिंबाचा रस येताच तो टळला. यावरून दाण्यांनी वाटी भरून ठेवणाराही आपल्या प्राण्याला नकळत उपाशीच ठेवीत असतो, हे उघड आहे. पोट भरलेले असूनही काही आठवड्यांत त्याचे सांधे दुखू लागतात, हिरड्यांतून रक्त येते व तो एका कोपऱ्यात बसून राहतो.

यास्तव ढोबळी मिरची, कोथिंबीर यांसारखी ताजी भाजी त्याला रोज द्यावी. अधूनमधून पेरूची लहानशी फोड द्यावयास हरकत नाही. (आपल्या या फळाच्या नावाचा गिनीपिगच्या मायभूमीतील पेरू देशाशी मात्र संबंध नाही!) भाजी आयत्या वेळी चिरावी, कारण चिरून ठेवलेल्या भाजीतील हे जीवनसत्त्व लवकर नाश पावते. बटाटा, कांदा व लसूण कदापि देऊ नयेत.

तथापि त्याचे मुख्य अन्न म्हणजे वाळलेले गवत. त्याचे दात जन्मभर वाढत राहतात आणि गवत चावतानाच ते झिजतात. लसूणघास वाढत्या पिलांना चांगला. मोठ्यांना तो नित्य देऊ नये, त्यात चुना फार असतो.

पिंजरा ऐसपैस असावा व त्याचा तळ सपाट असावा. तारेच्या जाळीने पाय सोलून निघतात. ओले गवत रोज काढावे. आपल्याकडील उन्हाळा या प्राण्याला सोसत नाही, म्हणून वैशाखात पिंजरा घरातील थंड जागी हलवावा. गिनीपिग कळपाने राहणारा आहे. तेव्हा दोन माद्या एकत्र पाळणे उत्तम. उचलताना एक हात छातीखाली व दुसरा मागील पायांखाली धरावा.

भित्रा प्राणी आपले दुखणे लपवितो. याकरिता आठवड्यातून एकदा त्याला तराजूत घालून वजन लिहून ठेवावे; रोग डोळ्यांना दिसण्यापूर्वीच वजन घटू लागते. एरवी भाजीच्या पिशवीचा आवाज कानी येताच तो शीळ घालतो. ती शीळ थांबली व दिवसभर अन्नाला तोंड लागले नाही, तर त्याला तत्काळ पशुवैद्याकडे न्यावे. घरातील औषधे मात्र देऊ नयेत. माणसाला तारणारे पेनिसिलीन गिनीपिगचा जीव घेऊ शकते.