फुटक्या कौलांची सुरखी आणि सिमेंट

चुन्यात विटांची सुरखी मिसळण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. सिमेंट भिजताना चुना मोकळा होतो. भाजलेल्या मातीतील सिलिका त्याच्याशी संयोग पावून घट्ट होते. म्हणून फुटक्या कौलांची, फरश्यांची पूड सिमेंटचा काही अंश वाचवू शकते. मात्र ती सिमेंटइतकी बारीक हवी. जाडसर चुरा म्हणजे निव्वळ वाळू! कारखान्यातील पोझोलाना सिमेंटमध्ये भाजलेल्या मातीचे प्रमाण मानकानुसार १० ते २५ टक्के असते. बळकटी उशिरा येते, पाणी अधिक दिवस मारावे लागते. धाराशिवसारख्या टंचाईग्रस्त जिल्ह्यात हा हिशेब आधी करावा. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात सास्तूर परिसराने जे सोसले, ते पाहता खांब-तुळयांत अंदाजाने मिश्रण वापरू नये. ग्रामपंचायतींनी ठोकळे २८ व ९० दिवसांनी प्रयोगशाळेत तपासून प्रथम गिलावा व फरसबंदीपुरताच वापर करावा.