चिठ्ठी आधी, चर्चा मग

कृषी सहायक म्हणून माझी निम्मी नोकरी पाटण तालुक्यातल्या भाताच्या खाचरांत गेली. बिऱ्हाड कोयनानगरला. पीक कापणी प्रयोगाच्या दिवशी बांधावर जमलेल्या माणसांना मी एक प्रश्न विचारायचो : या आखलेल्या चौकोनातून किती किलो भात निघेल? सरकारी तक्त्यात त्या उत्तराला जागा नव्हती, माझ्या वहीत होती. ती वही आणि कोयना धरणाच्या पाण्याचे आमचे अंदाज, यांतून जे उमगलं ते लिहितो.

१. आधी लिहायचं, मग बोलायचं

पहिल्या वर्षी मी तोंडी विचारलं. बांधावर सगळ्यांत वडीलधारे एक नाना होते. ते म्हणाले, "पंचवीस." मग कुणी चोवीस म्हणालं, कुणी सव्वीस. कापलं, झोडपलं, वारं दिलं. काट्यावर भरलं सतरा. मला वाटलं होतं, नऊ जणांचे नऊ अंदाज मिळाले. खरं तर अंदाज एकच होता, नानांचा. बाकीच्यांनी मान राखला होता.

पुढच्या हंगामात वहीची पानं फाडून चिठ्ठ्या वाटल्या. ज्यांना लिहिता येत नव्हतं, त्यांनी माझ्या कानात सांगितलं. अकरापासून तीसपर्यंत आकडे आले. चढत्या क्रमाने मांडल्यावर मधली चिठ्ठी अठराची निघाली आणि काट्यावर साडेअठरा भरलं. दरवेळी इतकं जुळलं नाही. पण मधली चिठ्ठी त्या दिवशीच्या बहुतेकांपेक्षा खऱ्या वजनाच्या जवळ असायची, हे मी वर्षानुवर्षं पाहिलं.

इंग्लंडात प्लिमथच्या जनावरांच्या प्रदर्शनात १९०६ साली अशीच स्पर्धा झाली होती. एक बैल कापून साफ केल्यावर त्याचं वजन किती भरेल, हे लोकांनी लिहून द्यायचं. शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन यांनी नंतर त्यातल्या ७८७ चिठ्ठ्या तपासल्या. मधला आकडा १२०७ पौंड होता, खरं वजन ११९८. तिकिटाला सहा पेन्स मोजावे लागत, त्यामुळे उगाच काहीतरी खरडणारे कमी होते. आणि प्रत्येकाने आपापली चिठ्ठी लिहिली होती. माझ्या लेखी सगळं यात आहे. कुणी जास्त सांगतो, कुणी कमी. दोन्ही अंगांच्या चुका एकमेकींना खाऊन टाकतात. एकाने दुसऱ्याचं ऐकून लिहिलं, की सगळ्या चुका एकाच अंगाला कलंडतात.

२. मधली चिठ्ठी धरायची

एकाने शंभर लिहिलं तर सरासरी त्याच्यामागे वाहत जाते. मधली चिठ्ठी फारशी हलत नाही.

३. एकाच दिशेची चूक माणसं वाढवून जात नाही

हे मला पांडुरंग सुखात्मे यांच्या कामातून कळलं. ते आमच्याच सातारा जिल्ह्याचे. १९११ साली खटाव तालुक्यातल्या बुध गावी जन्मले. पुढे जागतिक अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे संचालक झाले. पूर्वी पीक नजरेने आण्यांत मोजायची पद्धत होती. सुखात्मे आणि त्यांचे सहकारी पानसे यांनी १९४० च्या दशकात, चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निवडलेलं शेत प्रत्यक्ष कापून तोलायची रीत देशभर रुजवली. चांगलं शेत डोळ्यांत भरतं, म्हणून निवड डोळ्यांवर सोडायची नाही.

त्यांचा आणखी एक शोध मला खाचरात उभं राहिल्यावर पटला. चौकोन फार लहान आखला तर उत्पन्न फुगून येतं. दोरीवरचं रोप आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न आला की माणसाचा हात ते आतच ओढतो. पहिल्या वर्षी माझाही हात तसाच जायचा. अशी हजार शेतं कापली तरी ही चूक विरत नाही, कारण हजारही हात एकाच बाजूला ओढतात.

४. गावाची आठवणही एकच असू शकते

माझी बहीण सांगलीत नदीकाठच्या गल्लीत राहते. २००५ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५३ फुटांवर गेलं होतं. तिच्या भिंतीवर त्या पाण्याची रेघ होती. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी चढू लागलं तेव्हा तिने धान्य, कागदपत्रं, शिलाई मशीन रेघेच्या वर हातभर उंच ठेवलं. शेजाऱ्यांनीही तेच केलं. इतक्या घरांचा एकच निर्णय, म्हणून सगळे निर्धास्त होते. पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. ती मशीन दुरुस्त झाली नाही.

गल्लीतली माणसं समंजस होती, अनुभवी होती. पण सगळ्यांच्या अंदाजामागे एकच रेघ होती. तेव्हापासून एकमत दिसलं की मी आधी विचारतो, हे सगळे एकाच गोष्टीकडे बघून तर बोलत नाहीत?

५. निरनिराळ्या जागी उभी असलेली माणसं हवीत

आम्ही दर १ जुलैला चहाच्या गाडीवर एक डबा ठेवतो : १५ ऑगस्टला धरणात किती टीएमसी पाणी असेल? क्षमता १०५.२५ टीएमसी, हे इथल्या पोराटोरांना पाठ आहे. पण पाणलोट सुमारे ८९० चौरस किलोमीटरचा. आपल्या पत्र्यावरचा पाऊस ऐकून लिहिणारे फसतात. म्हणून तर रोज सकाळी कोयना, नवजा आणि महाबळेश्वर असे पावसाचे तीन आकडे सांगतात. आम्हीही आता तापोळा, बामणोलीकडच्या पाहुण्यांना फोन करून त्यांच्या चिठ्ठ्या घेतो.

६. आकड्याखाली कारण लिहून घ्यायचं

भाताच्या खाचरात एका वर्षी आठ जणांच्या चिठ्ठ्या बावीसच्या आसपास होत्या. लावणी केलेल्या एका मावशींनी कानात चौदा सांगितलं. मी विचारलं, इतकं कमी का? "वरनं हिरवं दिसतंय सायेब, पर लोंबी हातात घिऊन बघा. दाना पोचट हाय." काट्यावर पंधरा भरलं. मधली चिठ्ठी त्या दिवशी सपशेल चुकली. बाकी आठ जण बांधावर उभे होते, मावशी चिखलात उतरल्या होत्या.

तेव्हापासून चिठ्ठीवर दोन ओळी असतात. या जुलैला धरणाच्या डब्यात शाळेतल्या एका मुलीने सगळ्यांत कमी आकडा टाकला. खाली लिहिलं होतं : आमच्या घरामागचा ओढा अजून वाहिला नाही. संध्याकाळी आम्ही चौघे तो ओढा बघायला गेलो.