एच.आय.व्ही. : चेहऱ्यावरून ओळखता येत नाही

‘डॉक्टर, माणूस अंगापिंडाने धडधाकट आहे, मग त्याला एड्स कसा असेल?’ हा प्रश्न दवाखान्यात आजही विचारला जातो. एच.आय.व्ही.चा संसर्ग होणे आणि एड्स होणे या दोन वेगळ्या अवस्था आहेत, हे प्रथम लक्षात घ्यावे.

एच.आय.व्ही. हा विषाणू रक्तातील सीडी-४ नावाच्या पांढऱ्या पेशी नष्ट करतो. शरीराची प्रतिकारशक्ती याच पेशींवर अवलंबून असते. संसर्गानंतर २ ते ४ आठवड्यांत काहींना ताप, घसादुखी, अंगावर पुरळ असा त्रास होतो व आपोआप थांबतो. त्यानंतर उपचार न घेताही साधारण ८ ते १० वर्षे काहीच जाणवत नाही. मात्र या काळातही संसर्ग दुसऱ्याला होऊ शकतो. प्रतिकारशक्ती ढासळली की वजन घटणे, महिनाभर ताप किंवा जुलाब, तोंडात पांढरा थर, क्षयरोग अशी लक्षणे दिसतात. हीच अवस्था एड्सची. परंतु ही लक्षणे इतर आजारांतही आढळतात. खात्री रक्ततपासणीनेच होते.

संसर्ग कसा होतो?
१) बाधित व्यक्तीशी निरोध न वापरता शरीरसंबंध आल्यास. गुप्तरोग असल्यास धोका वाढतो.
२) दूषित रक्त किंवा दुसऱ्याने वापरलेली सुई यांतून.
३) बाधित मातेकडून गर्भारपणात, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून बाळाला.

हस्तांदोलन, एका ताटात जेवण, एकच संडास किंवा डास चावणे यांमुळे हा संसर्ग होत नाही.

धोका केवळ ‘बाहेरख्याली’ माणसालाच, असे समजू नये. पतीखेरीज कोणाशीही संबंध नसलेल्या अनेक स्त्रियांना पतीकडूनच संसर्ग झालेला आहे. अशा स्त्रीला दोष देणे हा अन्यायच.

तपासणी केव्हा करावी?
शंका येताच. संसर्ग नुकताच झाला असेल तर पहिली तपासणी निर्दोष येऊ शकते. म्हणून ३ महिन्यांनी ती पुन्हा करावी. धोक्याचा प्रसंग नुकताच घडला असल्यास ७२ तासांच्या आत डॉक्टरांना गाठावे. प्रतिबंधक औषधे देता येतात. सरकारी रुग्णालयातील समुपदेशन व चाचणी केंद्रात तपासणी मोफत होते व अहवाल गुप्त राहतो. २०१७ च्या कायद्यानुसार संमतीशिवाय तपासणी करणे किंवा या कारणावरून नोकरीवरून काढणे बेकायदा आहे.

उपचार आहेत काय?
विषाणू समूळ घालवणारे औषध सर्वांसाठी अद्याप नाही; पण तो दाबून ठेवणारी ए.आर.टी. औषधे सरकारी केंद्रांत २००४ पासून मोफत मिळतात. ती रोज, न चुकता, जन्मभर घ्यावी लागतात. बरे वाटले म्हणून गोळ्या सोडणे घातक ठरते. नियमित उपचारांनी रक्तातील विषाणू तपासणीत सापडू नये इतका कमी झाला व तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही. गर्भवतीने वेळेत औषधे सुरू केल्यास बाळाला असलेला धोका ५ टक्क्यांहून खाली आणता येतो. म्हणून प्रत्येक गर्भवतीने पहिल्या तिमाहीतच ही तपासणी करून घ्यावी, आणि पतीनेही सोबत करावी.

अधिक माहितीसाठी १०९७ हा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे. लाजेपायी वेळ दवडू नये.