चाचणीत नाव द्यावं का?

प्रश्न : वडिलांना मधुमेह आहे. मुंबईतल्या एका मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयाने नव्या औषधाच्या चाचणीबद्दल विचारलंय. हो म्हणावं का? – एक वाचक, नालासोपारा

उत्तर : प्रयोगच आहे तो, पण नियमांत बांधलेला. पूर्वी असे नियम नव्हते; शास्त्रज्ञ हाफकिन यांनी 1897 मध्ये मुंबईत आपण बनवलेली प्लेगची लस स्वतःलाच टोचून घेतली होती. आता औषध-चाचण्यांच्या 2019 च्या नियमांनुसार आधी नैतिकता समितीची मंजुरी आणि सीटीआरआय या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत नोंद लागते. संमतीपत्र मराठीत मागा, घरी आणून वाचा. विरार लोकल गाठायच्या घाईत सही नको. अनेकदा काहींना औषधासारखीच दिसणारी, औषध नसलेली गोळी मिळते आणि कोणाला कोणती हे डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. म्हणून चालू गोळ्या बंद होणार का, हे आधी विचारा. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत, भरपाईही. मधेच बाहेर पडता येतं. गाडीभाड्याचंही विचारून घ्या, लाजू नका.