पाळीव कुत्र्याचे वार्षिक अंदाजपत्रक

इयत्ता पाचवीस जमाखर्च शिकविताना बहुधा सहलीचे किंवा किराणा मालाचे उदाहरण घेतले जाते. घरचा कुत्रा हेही उदाहरण घेऊन पाहावे. ‘आमच्या मोत्याला खर्च कसला? उरलेसुरले खातो,’ असे उत्तर वर्गात हमखास येईल. पाठाचा आरंभ तेथूनच करावा. कारण उरलेली भाकरी हीदेखील विकतच्या किंवा शेतातल्या धान्याचीच असते.

मोत्यास रोज ३ भाकऱ्या घातल्यास वर्षाच्या १०९५ होतात. एका किलो पिठाच्या १० भाकऱ्या धरल्यास १०९ किलो ५०० ग्रॅम पीठ लागले. भाव किलोस ४० रुपये धरल्यास रक्कम ४३८० रुपये. रोजचे १०० मिलिलिटर दूध, लिटरला ५० रुपयांप्रमाणे, १८२५ रुपये. जंतांचे औषध तीन महिन्यांतून एकदा, ५० रुपयांप्रमाणे २००. पट्टा व साखळी २५०. रेबीजची प्रतिबंधक लस ३००. एकूण ६९५५ रुपये. हे भाव केवळ उदाहरणादाखल होत. खरे भाव मुलांनी दुकानात व पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून आणावेत. त्या चौकशीतच निम्मा पाठ आहे.

आता विचारावे : घरात ३०० रुपयांची तूट आली, तर कोणती बाब गाळाल? पुष्कळ मुले लसीवर काट मारतील. भाकरीसाठी मोत्या दारात येऊन उभा राहतो. लस तो कधी मागत नाही. अशा वेळी उपदेश न करता फळ्यावर भागाकार मांडावा. ३०० रुपयांस ३६५ ने भागिले असता दिवसाचे सुमारे ८२ पैसे येतात. एकूण खर्चाशी हे प्रमाण शेकडा सुमारे ४.३ पडते. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली, की माणूस काय वा कुत्रा काय, वाचणे जवळजवळ अशक्य असते. लुई पाश्चर यांनी १८८५ साली नऊ वर्षांच्या मुलास लस टोचली, ती लक्षणे दिसण्यापूर्वीच. कुत्रा चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुऊन तत्काळ दवाखाना गाठावयाचा, हेही गणिताच्याच तासाला सांगून टाकावे.

लसीचा खर्च एकाच दिवशी अंगावर पडतो, म्हणून तो जड वाटतो. दरमहा २५ रुपये बाजूस ठेवल्यास वर्षाअखेर ही रक्कम किती होईल, हे तोंडी विचारावे.

स्वाध्याय : मांजर भाकरी कमी खाते, लस मात्र तिलाही लागते. मांजरीच्या अंदाजपत्रकात लसीचे शेकडा प्रमाण वाढेल की घटेल, हे आधी ओळखावे व मग हिशेब करून पडताळावे.