धक्का वाहून गेला, पण लाँच समुद्रात आहे!

समजा, उधाणाने एका रात्री रेवसचा धक्का वाहून नेला. भाऊच्या धक्क्याहून निघालेली लाँच त्या वेळी भर समुद्रात आहे. ती बुडेल काय? मुळीच नाही. तिचे इंजिन चालूच आहे. मात्र रेवसहून नवी लाँच सुटू शकणार नाही.

युनिक्स घराण्यातील संगणकाच्या (लिनक्स त्यांपैकीच एक) आवश्यक फायली चुकून पुसल्या गेल्या, तर काहीसे असेच घडते. फाईल पुसताना प्रथम तिचे नाव यादीतून जाते. एखाद्या चालू प्रोग्रॅमने ती फाईल धरून ठेवली असेल, तर तो प्रोग्रॅम संपेपर्यंत युनिक्स तिची डिस्कवरील जागा मोकळी करीत नाही. म्हणून चालू असलेले चालत राहते. नवे सुरू होत नाही. अशा वेळी घाबरून यंत्र बंद केले, की संपलेच! पुन्हा सुरू होण्यासाठी लागणाऱ्या फायलीच आता नाहीत.

1986 सालची हकिकत पाहा. इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठात एका व्हॅक्स संगणकावर सर्वाधिकार असलेल्या माणसाने ‘सर्व पुसा’ ही आज्ञा दिली. पण तो होता मूळ निर्देशिकेत! चूक ध्यानात येऊन त्याने ती थांबवली, तोवर वर्णक्रमाने पहिल्या असलेल्या ‘बिन’, ‘ईटीसी’ वगैरे निर्देशिका गेल्या होत्या. टेपवर प्रती होत्या, पण त्या उतरवून घेणारा प्रोग्रॅमही पुसला गेलेला. किल्ली कुलपाच्या आतच राहिली म्हणा ना!

सुदैवाने ईमॅक्स हा संपादक चालू होता. शेजारच्या व्हॅक्सच्या मदतीने मंडळींनी एक चिमुकला प्रोग्रॅम यंत्रभाषेत तयार केला. त्याचे काम एकच: ‘टेंप’ या निर्देशिकेचे नाव बदलून ‘ईटीसी’ करणे. त्याचे आकडे ईमॅक्समध्ये हाताने टंकले. पण फाईल चालवायची तर तिला तशी परवानगी लागते, आणि परवानगी देणारी आज्ञा तर पुसलेली. मग? जुन्या फाईलवर नवा मजकूर लिहिला तरी तिची परवानगी बदलत नाही. तेव्हा अगोदरच परवानगी असलेल्या एका फाईलवर त्यांनी आपला प्रोग्रॅम लिहिला. तो चालला! मग शेजारच्या यंत्रावरून लागतील त्या फायली आणल्या आणि शेवटी टेप लावली.

आज हे काम सोपे झाले आहे. पेनड्राइव्हवरील लिनक्सने यंत्र सुरू करून फायली परत ठेवता येतात. अर्थात, प्रती अगोदर काढलेल्या असतील तरच.

शाळेत लिनक्स असेल, तर एक निर्धोक प्रयोग करा. फायलींची यादी देणारी ‘एलएस’ ही आज्ञा गेली आहे असे समजा. आता ‘एको’ लिहा, एक जागा सोडून तारा (*) लिहा. यादी दिसेल! ‘एको’ शेलच्या पोटातच असते आणि ताऱ्याच्या जागी नावे भरतो तोही शेलच. मँचेस्टरला घात झाला तोही याच ताऱ्याने.